कोयते निघाले, बाजेवरच्यांचे काय?

पोळा झाला, गौरी-गणपती झाले. मुकादमांच्या मोटारसायकली पुन्हा वाड्यावस्त्यांवर दिसू लागल्या. कोणी किती उचल घेतली, कोणाचा कोयता कोणत्या कारखान्याला लागला, कोणाची मागच्या हंगामाची बाकी अजून फिटली नाही, पारावर सध्या हीच बोलणी चालू आहेत. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरतील, संसार वर चढतील आणि धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या पट्ट्यातली कितीतरी गावे रिकामी होतील. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. माघारी यायला पाडवा उजाडतो, कधी त्याच्याही पुढे जाते.

या स्थलांतराविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. टनाचा दर, मुकादमाची फसवणूक, फडावरच्या बायांचे हाल, लेकरांची शाळा. ते लिहायलाच हवे होते. परंतु आपले सगळे बोलणे जाणाऱ्यांविषयी असते. ज्यांना ट्रॅक्टरवर चढताच येत नाही, ज्यांना चौघांनी उचलल्याशिवाय दारापर्यंतही येता येत नाही, ती माणसे सहा महिने गावात कशी राहतात? त्यांना पाणी कोण देते, कूस कोण बदलते, गोळी कोण आणून देते? या प्रश्नाला ग्रामपंचायतीच्या एकाही रजिस्टरात रकाना नाही.

मागच्या पौषात बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर जाणे झाले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. ओळीने घरांना कुलपे. एका घराचे दार मात्र उघडे. ओसरीत बाजेवर एक म्हातारी, पावसाळ्यात घसरून खुबा मोडलेला. तालुक्याला दाखवले, ऑपरेशन सांगितले, ते झाले नाही. लेक आणि सून कर्नाटकात फडावर. घरात सहावीतली नात. सकाळी भाकरी टाकायची, म्हातारीचे घमेले उचलायचे, पाणी उशाशी ठेवायचे आणि अकराला शाळा. दुपारच्या सुट्टीत पळत येऊन पुन्हा सगळे. म्हातारीच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती आणि नातीने तीत हळद भरली होती. आम्ही विचारले, "आजीला कुशीवर कसं करतीस?" पोर म्हणाली, "मला उचलत नाय. मग वाकळ धरून वढते."

त्या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. पोरीने कसूर केली नव्हती. तिच्या वयाच्या मानाने ती जे करत होती ते पाहून आम्हालाच मान खाली घालावी लागली. पण अंथरुणावर ओढल्याने म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी घासते आणि फाटते, जखम तिथूनच वाढते, ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नव्हती. दोन माणसांनी चादरीची चार टोके धरून उचलायचे असते. तिच्याकडे दुसरे माणूस कुठून यावे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ऊसतोड मजुरांची लेकरे गावातच राहावीत, शाळा बुडू नये म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहे काढली. मुलांना शाळेत जेवण मिळते आणि रात्री ती बहुधा आजी-आजोबांकडे झोपतात. कल्पना चांगली आहे, तिच्यामुळे शेकडो लेकरांची शाळा टिकली. परंतु ही सगळी योजना आजी धडधाकट आहे या एका समजुतीवर उभी आहे. आजीच बाजेवर पडली की कोणी कोणाला सांभाळायचे? कागदावर आजी नातीला सांभाळते, प्रत्यक्षात नात आजीला.

गावात उरणारे सगळे म्हातारेच असतात असे नाही. अंगावरून वारं गेलेला पन्नाशीतला गडी असतो. विहिरीच्या कामावर पडून कंबर गेलेला तरुण असतो. जन्मापासून मान न धरणारे लेकरू असते, मतिमंद बहीण असते, कर्करोगाची शेवटची अवस्था असलेली बाई असते. डोके बिघडलेला भाऊ असतो, ज्याला नेताही येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही. आजार सर्वांना सारखाच होतो, पण सोबत सर्वांना सारखी नसते. ज्याला चार एकर रान आहे, त्याची भावकी गावात असते; कोणी ना कोणी डोकावते. भूमिहीनाची सगळी भावकीच कोयत्यावर गेलेली असते. तांडा गावापासून दोन कोस, दलितवस्ती ओढ्याच्या पलीकडे. एकटी राहणारी परित्यक्ता, निपुत्रिक विधवा, जातीत वाळीत पडलेले घर, यांच्या दारात सिस्टर कधी पोचते ते त्यांनाच विचारा.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात दर शंभरात जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती. दोन हजार वस्तीच्या गावात म्हणजे दोनशे. त्यांतले बहुतेक हिंडते-फिरते असतात, शेळ्या राखतात, नातवंडे सांभाळतात. पूर्ण परावलंबी असे थोडेच, कोणत्याही गावात बोटांवर मोजण्याएवढे. म्हणूनच हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दहा-वीस माणसांचा मोर्चा निघत नाही. त्यातून ही माणसे तर उठूनच बसू शकत नाहीत.

अशी गोष्ट छापून आली की लगेच बोलणारे बोलतात, "पोरं नालायक निघाली, म्हातारीला टाकून गेली." शहरातून तर हे फारच सहज बोलले जाते. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. म्हाताऱ्याने प्रांताकडे अर्ज केला तर मुलाकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि बापाला विचारत नाही, त्याच्यासाठी तो कायदा कामाचा आहे, त्याने जरूर वापरावा. पण फडावरच्या मुलाकडून पोटगी ती कसली घ्यायची? त्याने दिवाळीआधीच उचल घेतलेली असते, त्यातले निम्मे म्हातारीच्या दवाखान्यातच गेलेले असते.

हिशेब करून पाहा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. दोघांनी पहाटेपासून राबून दोन टन ऊस तोडला तर दिवसाचे सातशेच्या वर पडतात. सुनेला सासूजवळ ठेवले तर उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उचलही अर्धीच देतो. मग उरलेली उचल फिटायची कशी? पुढच्या हंगामाला? म्हातारी घरात, देणे डोक्यावर आणि रान कोरडे, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला नालायक म्हणणे सोपे आहे. आम्हाला तो नालायक वाटत नाही. रात्री कोपीतून फोन करून "माय, जेवलीस का?" विचारणारे पुष्कळ पाहिले आहेत. फोनवरून विचारपूस होते, कूस बदलता येत नाही.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले तेव्हा महिन्याला ७५ रुपये होते. २००६ मध्ये त्याचे २०० झाले आणि ऐंशीच्या आतल्या माणसासाठी केंद्राचा वाटा पुढे दीड दशकाहून जास्त काळ तेवढाच राहिला. राज्याने आपली भर घालत घालत संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दीड हजारावर नेली. हे पैसे गरिबाला फार मोठे आहेत. पण त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षानुवर्षे २१ हजारांची राहिली, म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत! एवढ्या कमाईत कुटुंब जगते असा दाखला तलाठ्याने द्यायचा, तहसीलने तो खरा मानायचा आणि सर्वांनी एकमेकांकडे न पाहता सही करायची. पैसे मंजूर झाले तरी ते बँकेत. बाजेवरची बाई बँकेत जाणार कशी? बोटांचे ठसे कामाने झिजलेले, यंत्र ते ओळखत नाही. असो.

दवाखान्याची बाजूही पूर्वीपेक्षा सुधारली आहे. २०१४ पासून १०८ ची गाडी बोलावता येते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या माणसाला, त्याचे उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देण्याचे ठरले. परंतु हे सगळे इस्पितळाच्या दारापर्यंत. पक्षाघाताचा रुग्ण आठ-दहा दिवस तिथे राहतो, मग डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या, सेवा करा." लघवीची नळी लावलेली, नाकातून नळी घातलेली, हातात इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड. सेवा करा म्हणजे काय करा, हे सांगायला कोणाला वेळ नाही. इस्पितळात पडलेल्या माणसासाठी पाच लाखांची तरतूद आणि घरात पडलेल्यासाठी पाच रुपयांचीही नाही. गावातली खरी गरज तर तिथेच आहे.

या गरजेला शुश्रूषा म्हणतात. शब्द जड आहे, काम मात्र घरगुती आहे. ज्यांच्या घरी असे माणूस आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच लिहितो. सुनेने, नातीने, शेजारणीने ज्याने-त्याने ध्यानात ठेवाव्यात.

स्वतः न हलणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग रोज उजेडात पाहायचा. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लाली हटली नाही, तर जखम सुरू झाली असे समजावे. त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही. ती जागा चोळायची नाही. पुष्कळांना वाटते चोळल्याने रक्त फिरते; उलट आतली नाजूक कातडी तुटते. हळद, राख, कुंकू, दंतमंजन, यांतले काही जखमेत भरायचे नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात चवीपुरते मीठ घालून जखम धुवायची, स्वच्छ फडके बांधायचे आणि सिस्टरला कळवायचे. अंथरूण ओले राहू द्यायचे नाही. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या यासाठी बाजारातल्या कशाहूनही बऱ्या, फक्त धुऊन कडक उन्हात वाळवल्या पाहिजेत. टाचा बाजेला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यावी.

झोपलेल्या माणसाला आडवे ठेवून भरवू नये. पाठीशी वाकळींचा लोड देऊन बसते करावे, घास लहान द्यावा, जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवावे. पक्षाघाताच्या माणसाचा घास श्वासनळीत जातो आणि मग छाती भरते. आपल्याकडे "म्हातारा कफानं गेला" म्हणतात, त्यांतले कितीतरी असे आडवे पाजल्याने गेलेले असतात. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगलेली हवी; वर ठेवली की लघवी उलटी फिरते आणि ताप येतो. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. नळी कधी बदलायची ती तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावी, कारण कार्ड हरवते, भिंत हरवत नाही. साखरेच्या आजाराची सुई घेणारे असतील आणि घरात फ्रीज नसेल, तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात बाटली ठेवावी, पण बाटलीला पाणी लागू देऊ नये.

यात डॉक्टरकी काही नाही. दहा-बारा दिवस कोणी हाताला धरून शिकवले तर गावातली कोणतीही शहाणी बाई हे करील. पण शिकवणार कोण आणि करणार कोण?

उपकेंद्राची सिस्टर हे नाव सर्वात आधी निघते. ठरल्याप्रमाणे सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. म्हणजे एका सिस्टरच्या वाट्याला तीन-चार गावे आणि पाच-सहा वस्त्या. लसीकरणाचे वार, गरोदर बायांच्या तपासण्या, बाळंतपणे, वरून रोजचे ऑनलाइन अहवाल. तिने रोज एका म्हातारीची जखम बांधायला यावे ही अपेक्षा चुकीची आहे. आशाताई हजार वस्तीला एक. तिचे बहुतेक मानधन कामागणिक मिळते, आणि बाजेवरच्या माणसाच्या सेवेला त्यात मोल नाही. गावात नवे काम निघाले की ते आशाच्या गळ्यात घालायचे ही आपल्या व्यवस्थेची खोड झाली आहे. तिला आणखी एक फुकटचे काम देऊ नका, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

मात्र दोन गोष्टी उपलब्ध आहेत आणि त्या कोणी वापरत नाही. पहिली अशी की, २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर झाले. २०२३ मध्ये त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, आणि त्यांनी द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर का होईना, हे काम त्यांचे आहे. दुसरी गोष्ट अशी की, आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासणी फॉर्म भरतात. त्यात साठीच्या पुढच्या माणसाला विचारलेले असते, उभे राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का. म्हणजे आपल्या गावात परावलंबी म्हातारी माणसे कोण आहेत याची बरीच माहिती आधीच गोळा झालेली आहे. ती गोळा होऊन वर गेली, ग्रामपंचायतीकडे आलीच नाही! सरपंचाने मागितली तर निम्मी यादी एका दिवसात तयार होईल.

हे काम गावाने उचलायचे, ही कल्पना काही हवेतली नाही. आपल्या शेजारचेच जामखेड घ्या. आष्टी-पाटोद्याच्या लोकांना ते काही लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले ते खेड्यातल्या बायांना हाताशी धरून. त्यांतल्या कितीतरी शाळेची पायरी न चढलेल्या, कितीतरी दलित वस्तीतल्या. सुरुवातीला ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच हातून गावाने औषध घेतले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ मध्ये तो अभ्यास जगापुढे आला आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात बाळांसाठीच्या घरभेटी आल्या. पाळण्यातल्या बाळासाठी घरभेट देता येते, तर बाजेवरच्या म्हातारीसाठी का देता येऊ नये?

केरळने ते करून दाखवले. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एक लहानसा दवाखाना निघाला. लवकरच ध्यानात आले की रुग्ण दवाखान्यात येऊ शकत नाही, आपणच घरी गेले पाहिजे. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगावच्या साध्या लोकांनी, विद्यार्थ्यांनी, दुकानदारांनी आठवड्याचे दोन तास देऊन अशा घरी जायला सुरुवात केली. २००८ मध्ये त्या राज्याने यासाठी देशात पहिल्यांदा धोरण केले आणि पंचायतींनी नर्स ठेवून गाडीने घरभेटी सुरू केल्या. अंथरुणावरच्या माणसाची पूर्णवेळ सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला महिन्याला सहाशे रुपये देण्याचीही तिथे योजना आहे. रक्कम तुटपुंजी, पण सेवा करणारी बाई "घरीच बसलेली" नाही, ती काम करते आहे, हे सरकारने मान्य केले. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही काळजी घेणाऱ्याला भत्ता देण्याचा विचार लिहिलेला आहे. महाराष्ट्रात ते कलम अजून गावापर्यंत उतरलेले दिसत नाही.

कोणी म्हणेल, केरळच्या पंचायती श्रीमंत, आपल्या फाटक्या. खरे आहे. आपल्याकडच्या लहान पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजाराचा थोडा कर. तरीही त्यातले पाच टक्के दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करण्याचा नियम आहे. पाच टक्क्यांतून दरवर्षी काय होते? मार्चअखेर काही भांडी, एखादी सायकल, फोटो. एखाद्या पंचायतीचे उत्पन्न दोन लाख धरले तर पाच टक्क्यांचे दहा हजार होतात. एका बाईला रोज तीन-चार तास चार-पाच घरी जाण्याचे महिन्याला पाच हजार दिले तर सहा महिन्यांचे तीस हजार लागतात. वीस हजारांची तूट राहते, ती लपवण्यात अर्थ नाही. शिवाय पाच टक्क्यांचा पैसा दिव्यांगाचे प्रमाणपत्र असलेल्यासाठीच आहे. अंगावरून वारं गेलेल्यालाही प्रमाणपत्र मिळू शकते, पण त्यासाठी जिल्ह्याला न्यावे लागते आणि नेणारे फडावर असतात. म्हणून हे शिबिर तालुक्यात, आणि तेही कोयते निघण्याआधी घेतले गेले पाहिजे. तहसीलदार आणि वैद्यकीय अधीक्षकांनी मनावर घेतले तर एका दिवसाचे काम आहे.

तूट भरण्याचे मार्ग आहेत. ग्रामविकास आराखड्यात हे काम घातले तर अबंधित निधीतून मागता येते. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मुक्त निधी ठरलेला होता. तो आपल्या गावाला कधी आला, कशावर गेला, हे एकदा ग्रामसभेत विचाराच. जाणाऱ्या कुटुंबांनीही महिन्याला थोडे द्यावे. आम्ही ज्यांच्याशी बोललो ते तयार आहेत. "शेजारणीला फुकट सांगायला जीभ उचलत नाय, पैसे देऊन सांगता येतं," असे एक गडी म्हणाला आणि त्यात फार खरे आहे. आणि साखर कारखान्यांचे काय? ज्या मजुरांच्या जिवावर गाळप होते त्यांच्या कल्याणासाठी महामंडळ निघाले, मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. मुलांचा विचार झाला हे चांगले झाले. मागे राहिलेल्या आई-बापांचाही त्याच महामंडळाने विचार करावा, ही मागणी मजूर संघटनांनी दराच्या मागणीबरोबर मांडायला हवी. आजवर ती मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

एक आक्षेप हमखास येणार. "गावात हा पायंडा पडला तर ज्याची-त्याची म्हातारी पंचायतीवर येईल." एका सरपंचांनी आम्हाला हेच ऐकवले. त्यांना म्हटले, दादा, तुमच्या गावात अशी किती माणसे आहेत? त्यांनी बोटे मोजली. पाचावर आले, शेजारी बसलेल्या शिपायाने आणखी दोन नावे सांगितली. सात. सरपंच गप्प झाले. सातांपैकी तीन घरांत ते गेल्या निवडणुकीनंतर गेलेलेच नव्हते. आमचा अनुभव असा की, ओझे किती हे मोजले नाही तोवरच ते डोंगराएवढे वाटते.

दुसरा आक्षेप जरा अवघड आहे. नेमलेली बाई कोणाच्याही घरी जाईल का, आणि प्रत्येक घर तिला आत घेईल का? तांड्यावरची बाई गावात, गावातली बाई वस्तीत, हे बोलायला सोपे, करायला कठीण. जखम धुताना, घाण काढताना जात अचानक आठवते, सेवा घेणाऱ्यालाही आणि करणाऱ्यालाही. जामखेडलाही हे झाले आणि तिथे ते एका दिवसात मिटले नाही. यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. मोठ्या गावात दोन बाया, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या, नेमाव्यात आणि दोघींनी सगळीकडे एकत्र जावे असे वाटते. तसेही कूस बदलायला दोन माणसे लागतातच.

वस्तीवरच्या त्या पोरीची चौकशी नंतर केली. शाळेच्या बाईंनी सांगितले, माघापर्यंत ती येत होती, मग दुपारची येईना, मग येईचना. पाडव्याला आई-बाप आले. म्हातारी तोवर होती. जखम हाडापर्यंत गेली होती. पोर आता सातवीच्या पटावर आहे. यंदाही कोयता जाणार आहे.

येत्या २ ऑक्टोबरची ग्रामसभा ही कोयते निघण्याआधीची बहुधा शेवटची सभा. त्याच सुमारास गावाच्या विकास आराखड्याचेही काम सुरू होते. ग्रामसेवकांना (आता त्यांच्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) आणि सरपंचांना सांगणे एवढेच की, विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा: हंगामात मागे राहणाऱ्या आजारी व परावलंबी व्यक्तींची यादी आणि त्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्या सभेला लेखी बोलवा. यादीत नावापुढे चार गोष्टी लिहा: घरी कोण राहणार, फडावरच्या माणसाचा फोन नंबर, कोणते औषध चालू आहे, आणि नळी किंवा जखम आहे का. यादीची एक प्रत उपकेंद्रात, एक शाळेत द्या. शाळेत यासाठी, की कोणते लेकरू दुपारी घरी पळते ते मास्तरांना आधी कळते. कोणाला अडचण आली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकटचा फोन आहे, तो नंबर पंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. विषय सुचवायचा तर अर्ज त्याच्याही आधी द्यावा लागेल. साध्या कागदावर चालतो. ज्यांच्या घरी बाजेवर कोणी आहे त्यांनी तो या आठवड्यातच द्यावा, पोच घ्यावी, आणि पोच देत नसतील तर गटविकास अधिकाऱ्यांकडे टपालाने पाठवावा.